ऐंशी डाव्या बाह्या

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी बटणांच्या डब्यात अकरा दिवस पडून होती. चार भोकांच्या पांढऱ्या बटणांच्या तळाशी, चौपदरी घडी घालून. कात्रीबाई दिवसातून चार वेळा तो डबा उघडायची, बोटांनी बटणं चाळायची आणि झाकण लावायची. जणू चिठ्ठीला पाय फुटणार होते आणि ती बारा मशिनींच्या रांगेतून सगळ्यांना वाचून दाखवत फिरणार होती.

कात्रीबाई हे नाव कामावरच्या बायकांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळ्या नुसतं 'बाई' म्हणत. नाव हातावरून पडलं की जिभेवरून, हे तिने कधी विचारलं नाही. तिला दोन्हीचा अभिमानच होता. चौथीत शाळा सुटली, पण घरामागच्या खोलीत दोन मशिनींवर सुरू केलेलं शिवणकाम तिने बारा मशिनींवर नेलं. गणवेश, डगले, दवाखान्यात घालायचे कोट. कापड बेतायचं टेबल मात्र तिचं एकटीचं. तिथला खडू दुसऱ्या कुणी उचलला तर बोटं मोडीन, असं ती हसत सांगायची, आणि ऐकणारं कुणी हसायचं नाही.

तर अशा बाईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घाम फुटायला लागला.

साधा घाम नव्हे. छातीत भट्टी पेटायची, मानेवरून कानापर्यंत चढायची आणि दोन मिनिटांत कपाळावरून धार लागायची. पाळी दोन-दोन महिने रुसायची आणि आली की पूर. एकदा टेबलाजवळच्या स्टुलाची उशी भिजली. तिने उशी पालथी केली, वर घट्ट बसून राहिली, सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा धुऊन काढली आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या स्टुलांना काळे अभ्रे चढवले. "मळखाऊ बरे," म्हणाली. घामावरही शक्कल काढली. बेतायचं टेबल खिडकीजवळून उचलून इस्त्रीच्या टेबलाला खेटून लावलं. कुणी पाहिलंच, तर सांगायला वाफ होती. म्हणजे जिला आधीच भाजत होतं, ती लाजेपायी आणखी विस्तवाशी जाऊन उभी राहिली. शहाणपण म्हणतात ते हे!

झोप उडाली. मापं डोक्यात राहीनात. एके सकाळी चहा गार का म्हणून तिने कप आपटला, आणि कप फुटला म्हणून स्वतःच रडत बसली. सुनेने तो दिवस धरला. सून दिसायला गोगलगाय, पण एकदा ठरवलं की ढिम्म हलायची नाही.

"आई, उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. नंबर लावलाय."

"मला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला नाही, कपांना भरलीय. तीनच उरलेत."

डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढी. तिने सगळं तपासलं. पोटाची सोनोग्राफी, छातीची मॅमोग्राफी, रक्तदाब. आठवड्याने रिपोर्ट समोर ठेवून नीट समजावलं. पाळी जायच्या आधीची ही वर्षं अशीच असतात, अंगातलं हार्मोन कधी भरतीला तर कधी ओहोटीला. ते थोडं बाहेरून देता येतं. कमरेखाली चिकटवायची पट्टी, आणि गर्भपिशवी जागेवर आहे म्हणून सोबत दुसऱ्या हार्मोनच्या गोळ्या. नुसतं एकच दिलं तर पिशवीचं अस्तर वाढत जातं. बऱ्याच जणींना गुण येतो, झोप परत येते.

"पण सगळ्यांना चालतं असं नाही, म्हणून विचारते हं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती?"

"नाही."

"रक्ताच्या नात्यात, म्हणजे आई, बहीण, मावशी, यांच्यात कुणाला छातीत गाठ? कॅन्सर?"

"कुणाला काही नाही," कात्रीबाई म्हणाली. प्रश्न पुरता व्हायच्या आधीच म्हणाली.

सून शेजारीच बसली होती. डॉक्टरीणबाईंनी विश्वास ठेवला आणि चिठ्ठी लिहिली.

आता खरं काय, तर कात्रीबाईला ठाऊक होतं आणि नव्हतंही. तिची आई गेली तेव्हा ती अठरा वर्षांची. घरात सगळ्यांनी सांगितलं, कावीळ झाली. पण एकदा तिने मोरीत ताईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, कापडाची लांब पट्टी पिळताना पाहिलं होतं. आईच्या छातीला गुंडाळायची ती. पिवळी, डागाळलेली, आणि तो वास. ताईने तिला बघून पायाने दार लोटलं. ते दार तीस वर्षं लोटलेलंच राहिलं. आपलं ठेवावं झाकून, ही म्हण कात्रीबाई कुणाकडून शिकली नव्हती, ती तिच्या अंगातच होती. सुनेच्या देखत, परक्या पोरीच्या कागदावर, आपल्या आईची छाती उघडी करायची? तोंडातून 'नाही' निघून गेलं.

आणि मग चिठ्ठी बटणांच्या डब्यात जाऊन बसली. फाडवेना, दुकानात देववेना. तीनदा ती औषधाच्या दुकानापर्यंत गेली. तिन्ही वेळा मागे कुणीतरी पुरुष येऊन उभा राहिला, आणि पट्टी हा शब्द घशातच अडकला. घरात खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या झाल्या. खोकला कुणालाच नव्हता.

पण पुरुषाचं निमित्त होतं. घशात अडकत होतं ते खोटं. विचारायचं तर जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाच्या दारात जायला तिला तोंड नव्हतं.

कात्री हातात धरायला तिला ताईनेच शिकवलं. दोघींनी मिळून कारखाना उभा केला. आठ वर्षांपूर्वी ताई याच वयाची होती. तिलाही घाम फुटायचा, ती रुमाल ओला करून मानेवर ठेवायची, मधेच हरवल्यासारखी उभी राहायची. एक दिवस तिच्या हातून तीस विजारी वीतभर आखूड कापल्या गेल्या. कात्रीबाई तेव्हा चाळिशीची, अंगात रग. तिने भर कामात, बारा मशिनी थांबवून सुनावलं, "ताई, वय झालं की कात्री भाजीला ठेवावी. आणि हे घामाचे थेर घरी कर, इथे कामं चालतात!" दोन पोरी फिसकन हसल्या. ताईने गळ्यातली टेप काढली, सावकाश गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून दोघी बहिणी कुणाच्या सुखदुःखाला भेटल्याच, तर एकमेकींच्या डोक्यावरून भिंती बघायच्या.

चिठ्ठीच्या नवव्या दिवशी बाह्यांचा घोळ झाला.

दवाखान्याच्या चाळीस कोटांचं काम होतं. कापड फिकट निळं, एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने खरखरीत. असल्या कापडाचे थर लावताना एक सुलट, त्यावर एक उलट, असं तोंडाला तोंड लावतात, म्हणजे खडूच्या एका रेघेत एक डावी बाही निघते आणि एक उजवी. शिकाऊ पोरीलाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. कात्रीबाईने एक टोक धरलं होतं, दुसरं काजवालीने. काजवाली म्हणजे काज करणारी, कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, तोंडात शब्द कमी. दुसरा थर टाकताना भट्टी पेटली. समोरचं कापड पाण्यासारखं हलायला लागलं.

"बाई," काजवाली हळूच म्हणाली, "हा उलट टाकायचा ना?"

"आता तू मला शिकव!"

काजवालीने आपलं टोक तसंच ताणलं. सगळे थर सुलट पडले. कात्री फिरली. ऐंशी बाह्या निघाल्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

शिवणाऱ्या पोरीने पहिल्या कोटाला दुसरी बाही लावायला घेतली, तेव्हा ती मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोलात, बसेना. ती उठून टेबलाशी आली. बारा जणी बघत होत्या. कात्रीबाईने एक बाही उचलली, दुसरी उचलली, आणि तिला कळलं. कळल्यावर ती वळली, ती काजवालीकडे.

"दुसरं टोक कुणी धरलं होतं? डोळे काय काज करायला ठेवलेस? सुलट-उलट दिसत नसेल तर घरी बस. दोन दिवस तोंड दाखवू नकोस!"

काजवालीने तिच्याकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने चष्मा पुसला, डबा घेतला आणि गेली.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर कात्रीबाई त्या निळ्या ढिगाशी उभी राहिली. घरी बस. हे शब्द आपण आधीही बोललोय, हे तिला आठवलं. शब्द जरा वेगळे होते, आवाज तोच. तेव्हा निदान चूक ताईची होती. आज चूकही आपली, आणि घरी बसवलं दुसरीला. रात्री तिने ताट तसंच सारलं. सुनेने विचारलं तर म्हणाली, खोकला आहे.

अकराव्या दिवशी दुपारी तिने डब्यातून चिठ्ठी काढली आणि ती ताईकडे निघाली.

ताई तीन गल्ल्या पलीकडे राहायची, घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. चोवीस पायऱ्या. अठराव्या पायरीवर भट्टी पेटली. दार उघडलं तेव्हा कात्रीबाई कठडा धरून उभी होती, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. वाटेत जुळवलेली वाक्यं घामाबरोबर वाहून गेली होती.

ताईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत गेली, ओला टॉवेल पिळून आणला.

"मानेला लाव. कपाळाला नव्हे, मानेला."

लावला. हळूहळू उतरलं.

"बस आता. माझ्या स्टुलाला काळा अभ्रा नाही, चालेल ना?"

कात्रीबाई चपापली. "तुला कुणी सांगितलं?"

"अगं, सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. इस्त्रीशी टेबल नेलंस तेही. बायकाच आहेत ना त्या? का तुला वाटलं, तूच एकटी बाई जन्माला आलीस?"

झाकली मूठ इतके दिवस काचेची होती तर. कात्रीबाईने मान खाली घातली. खिडकीशी ताईचं हातमशीन होतं, त्यावर कुणाचा तरी झगा उसवून ठेवलेला. ताई बसली आणि दोरा ओवायला लागली.

"ताई, एक विचारायचं होतं."

"आठ वर्षांनी एकच?"

"आईला काय झालं होतं?"

दोरा नेढ्याशी थांबला. "कावीळ."

"ताई."

ताईने दोरा ओवला, गाठ मारली, मगच बोलली. "गाठ होती. डाव्या बाजूला. दोन वर्षं लपवली तिनं. डॉक्टर पुरुष आहे म्हणून दाखवली नाही. फुटली तेव्हा मला दाखवली, आणि शपथ घातली, धाकटीला सांगू नकोस, तिचं लग्न व्हायचंय. नाही सांगितलं. आता का विचारतेस?"

मग कात्रीबाईने सगळं सांगितलं. पट्टी, गोळ्या, तो प्रश्न आणि आपलं उत्तर. सांगताना ती चिठ्ठीच्या घडीवरून नख फिरवत राहिली.

"खोटं बोललीस? डॉक्टरशी?"

"सून बसली होती शेजारी."

"सून बसली होती! आणि तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर सगळ्यांत आधी कोण उठलं असतं? तीच ना?" ताई उठली, फळीवरून एक फुगलेली फाईल काढून तिच्या मांडीवर टाकली. "आईचा कागद कुठला मिळायला! हा घेऊन जा. हा माझा. तीन वर्षं झाली. उजव्या बाजूला होती. काढून टाकली."

कात्रीबाईला आधी कळलंच नाही. फाईल तशीच मांडीवर राहिली. मग तिची नजर ताईच्या अंगातल्या सैल सदऱ्याकडे गेली. रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं माप नुसत्या नजरेने सांगणारी बाई ती. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात तिने ताईला असल्याच ढगळ कपड्यांत पाहिलं होतं, आणि शेजारणीला म्हणाली होती, "शिवणारीण म्हणवते, आणि स्वतःच्या मापाचं शिवता येईना!" शेजारीण हसली होती. ताई दोन खुर्च्या सोडून बसली होती. ऐकलं असेल का? विचारायची छाती झाली नाही.

"सोबत कोण होतं तुझ्या?"

"तुझी काजवाली. पाच दिवसांची सुट्टी मागितली तिनं, तू तीन दिलीस. वर म्हणालीस म्हणे, कुणाची सेवा करायला चाललीयेस एवढी?"

कात्रीबाईला वाटलं, आता भट्टी पेटेल, आणि पेटावी, म्हणजे तोंडावर टॉवेल धरता येईल. नेमकी तेव्हा पेटली नाही.

"ताई, माझं चुकलं."

"काय चुकलं? नीट सांग. नुसतं चुकलं म्हणून भागत नाही."

"तुला घाम यायचा, आणि मी... मी हसले."

"हसल्या दुसऱ्या. तू बोललीस."

"हो. मी बोलले. सगळ्यांच्या समोर."

"हं," ताई म्हणाली, आणि मशीन फिरवायला लागली. कात्रीबाई दारापर्यंत गेली तेव्हा मागून शब्द आले, "फाईल परत आणून दे. दर सहा महिन्यांनी लागते मला." थोड्या वेळाने, "आणि तूच आण. सुनेच्या हाती पाठवू नकोस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाताना सून बाहेर थांबते म्हणाली. कात्रीबाईने तिचं मनगट धरून आत नेलं.

"मी खोटं बोलले होते," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, नाहीतर बसल्यावर जीभ पुन्हा फिरली असती. "माझ्या आईला छातीची गाठ होती. बहिणीलाही झाली. हा कागद." सुनेकडे न बघता पुढे म्हणाली, "तूही ऐकून ठेव. तुझ्या पोरीच्या बापाचं रक्त माझंच आहे."

डॉक्टरीणबाई रागावली नाही, हेच अवघड गेलं. तिने फाईल पानापानाने वाचली. म्हणाली, आई आणि सख्खी बहीण, दोघींना आहे म्हटल्यावर हिशेब बदलतो. पट्टी कायमची बंद असं नाही, तुमचे स्वतःचे रिपोर्ट चांगले आहेत. पण आता सुरुवात तिने करू नये असं मला वाटतं. आधी या विषयाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू, बहिणीची जनुकांसाठी रक्ताची तपासणी झालीय का विचारू, तुमच्या छातीची तपासणी जास्त वेळा करू. घामासाठी आणि झोपेसाठी हार्मोन नसलेल्या गोळ्या आहेत. गुण जरा कमी येतो, पण येतो. रक्तस्रावासाठी वेगळं औषध देते.

"ठरवायचं मात्र तुम्ही. मी सांगते, हुकूम सोडत नाही."

कात्रीबाईने जुनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. घडीवर बटणांचे गोल वण उठले होते. त्या पट्टीने पुन्हा रात्रभर झोप लागली असती, ही गोष्ट तिला खरोखर हवी होती, आणि ती आता हातातून जात होती. "आता नको," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या गोळ्या द्या. मोठ्या डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर पुन्हा बोलू."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत, आई..."

"आधी सांगितलं असतं तर खोकल्याचं औषध कुणी प्यायलं असतं?" कात्रीबाई फटकन म्हणाली. सुंभ जळला तरी पीळ कुठला जळायला. पण चार पावलं गेल्यावर तिने सुनेच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, आणि औषधाच्या दुकानात स्वतः पुढे होऊन, मागे तीन पुरुष असताना, गोळ्यांचं नाव मोठ्याने वाचलं. अर्धं चुकीचं वाचलं. मिळाल्या.

काजवाली त्या दिवशी परत आली होती. खाली मान घालून काज करत होती. कात्रीबाई टेबलाशी गेली आणि म्हणाली, "मशिनी थांबवा."

बारा मशिनी थांबल्या. आठ वर्षांपूर्वीही अशाच थांबल्या होत्या.

"त्या बाह्या मी बेतल्या. थर मी चुकीचे लावले. हिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि वर हिलाच घरी घालवलं." एवढं बोलेपर्यंत तोंड तापलं, कान जळायला लागले. इस्त्रीवालीने धावत जाऊन पंख्याचं बटण दाबलं.

"बंद कर तो," कात्रीबाई म्हणाली. "हा तो घाम नव्हे."

कुणी हसलं नाही. काजवालीने सुई कापडात टोचून ठेवली. "मला ठाऊकच होतं, बाई," ती म्हणाली. "टोक मीच धरलं होतं ना."

तीन वर्षांपूर्वीच्या त्या तीन दिवसांबद्दल कात्रीबाईला बोलायचं होतं, पण ते बारा जणींसमोर बोलायचं नव्हतं, आणि तिच्या एकटीशी बोलायला आज अंगात बळ उरलं नव्हतं. ते ओझं तिने तसंच ठेवलं. दोघींनी टेबल इस्त्रीपासून उचलून परत खिडकीशी नेलं. डाव्या बाह्यांतल्या चाळीस कामी आल्या, चाळीस बाजूला पडल्या. उजव्यांसाठी नवं निळं कापड उलगडलं. काजवालीने एक टोक धरलं, कात्रीबाईने दुसरं. या वेळी सगळे थर एकाच अंगाने, सगळे उलटच टाकायचे होते.

पहिला थर पडला. कात्रीबाई थांबली. या टेबलावर तिने आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं.

"उलट ना गं?" तिने विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उलट," काजवाली म्हणाली.

दुसरा थर. "उलट?"

"उलट."

शेवटच्या थरापर्यंत ती विचारत राहिली.